अर्नेस्टीनच्या अंगावरचं उत्पन्न

"महिन्याला टॉयलेट पेपरचे किती रोल लागतात?" असं भाड्याच्या सरकारी ऑफिसातल्या एका पंचविशीतल्या पोराने अर्नेस्टीनला विचारलं, तेव्हा तिच्या डोक्यावर पिसाची हॅट होती आणि हातात पांढरे हातमोजे होते.

"लागतात तेवढे," ती म्हणाली.

"अंदाजे सांगा."

"पाहुणे किती येतात त्यावर आहे. तुम्ही येणार असाल तर एक जास्त धरा."

हे तिने मला घरी येऊन सांगितलं, हातमोज्याचं एकेक बोट ओढत. मी पोट धरून हसले. दोन आठवड्यांनी पत्र आलं तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

मी ओझेला प्रुइट. अर्नेस्टीन टॉलिव्हर माझ्या डोक्यावर राहते, म्हणजे वरच्या मजल्यावर. सतरा वर्षं मी तिच्या पावलांचा आवाज ऐकतेय, आणि ती कुठल्या मूडमध्ये आहे ते मला छताकडे बघून कळतं. आमच्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ सगळ्यांकडे सरकारी व्हाउचर आहे. उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा आम्ही भाड्याला द्यायचा, बाकीचं सरकार घरमालकाला देतं. त्यासाठी दर वर्षी डाउनटाउनच्या ऑफिसात जाऊन आपण किती गरीब आहोत ते शाबीत करायचं. गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्त गरीब झालो असलो तर तेही शाबीत करायचं.

अर्नेस्टीनचं त्या वर्षी असं झालं की वृद्धाश्रमाच्या धुलाईघरातली तिची नोकरी गेली. आश्रमच बंद पडला. बेकारभत्ता काही महिने आला आणि जानेवारीत संपला. मग तिने खरं ते सांगितलं, की उत्पन्न काही नाही. तिथेच घोळ झाला. थोडं उत्पन्न असेल तर ऑफिसवाले पगाराची पावती बघतात आणि सोडून देतात. काहीच नाही म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नाही. मग वेगळा फॉर्म काढतात. साबण कोण देतं, फोन कोण भरतं, बसला पैसे कुठून येतात. माणूस उत्पन्नाशिवाय जगतो कसा, हे त्यांना कोडं पडतं. आम्हालाही पडतं, पण आम्ही जगून टाकतो.

आता त्या हॅटबद्दल सांगते, कारण सगळा घोटाळा त्या हॅटने केला.

आमच्याकडे डाउनटाउनला जायचं म्हणजे रविवारच्या कपड्यांत जायचं. कोर्ट असो, बँक असो, भाड्याचं ऑफिस असो. माझी आई मिसिसिपीहून इथे उत्तरेत, या थंडगार तळ्याकाठच्या शहरात आली ती हेच शिकून आली होती, आणि तिची आई तेच. टेबलामागचा माणूस आपलं तोंड बघण्याआधी आपले बूट बघतो. म्हणून ज्या कुणाला बोलावणं येतं तिला सगळी बिल्डिंग मिळून सजवते. अर्नेस्टीनच्या अंगावर त्या दिवशी लव्हर्नचा फरच्या कॉलरचा कोट होता, मिस क्लॉडेटची (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला 'मिस'च म्हणतात) हॅट होती, बर्निटाचे बूट आणि पर्स होती. केस माझे होते. म्हणजे डोकं तिचं, वेण्या मी घातलेल्या. दोन दुपारी खपले होते मी. मागे असा अंबाडा जमला होता की मी स्वतःवरच खूश होते.

आणि एक गोष्ट आहे. दिलेली वस्तू कुणाची ते कुणी बोलायचं नाही. देणारीने नाही आणि घालणारीने तर मुळीच नाही. अंगावर आहे तोवर ती तिची. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण मिस क्लॉडेटसारखी तोंडाळ बाईसुद्धा तो पाळत आली आहे, आणि ती दुसरं काहीही पाळत नाही.

तर तो पोरगा, केलर त्याचं नाव, त्याने विचारलं, "हा कोट तुमचा?"

"माझा."

"हॅट?"

"माझी."

"केस कुठे करून घेता?"

"घरी."

"कोण करतं?"

"ज्याला येतं ते."

पत्रात लिहून आलं की मिसेस टॉलिव्हर यांना बाहेरून नियमित मदत मिळते आणि ती त्यांनी लपवली. एक, कपडे. दोन, केशभूषा. दोन्हींची बाजारभावाने महिन्याची रक्कम धरून ते तिचं उत्पन्न ठरवलं होतं, आणि त्यावर भाडं लावलं होतं. जे पैसे नव्हतेच त्यांचा तिसरा हिस्सा तिने भरायचा. शिवाय लपवल्याबद्दल व्हाउचर का काढून घेऊ नये, याचं उत्तर द्यायला सुनावणीला यायचं.

व्हाउचर गेलं की घर गेलं. एवढं सरळ होतं ते. तिची बहीण दूर कुठेतरी एका ट्रेलरमध्ये सहा माणसांत राहत होती. बाकी तिला कुणी नव्हतं.

शनिवारी दुपारी सगळ्या माझ्या स्वयंपाकघरात जमलो. मी मक्याचा ब्रेड केला होता, पण कुणी हात लावला नाही. फक्त मिस क्लॉडेटने लावला.

"मी फुकट सल्ला देणाऱ्या वकिलीणबाईला फोन केला होता," लव्हर्न म्हणाली. ती आमच्यातली शहाणी, शाळेच्या कँटीनमध्ये काम करते आणि सगळ्यांचे फोन तीच करते. "ती म्हणाली, सुनावणीला साध्या कपड्यांत जा. जुना स्वेटर, डोक्याला रुमाल. वेण्या सोडून टाकायच्या. दिसायला पाहिजे म्हणाली."

"काय दिसायला पाहिजे?" अर्नेस्टीनने विचारलं.

"अगं, हेच. की तुझ्याकडे काही नाही."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती, आणि ती फक्त अर्नेस्टीनसाठी नव्हती. माझंही व्हाउचर त्याच ऑफिसात. केस कोण करतं याचं उत्तर मिळालं की केलर माझ्या दारात उभा राहणार. बिल्डिंगमधल्या निम्म्या डोक्यांवरच्या वेण्या माझ्या हातच्या. पैसा मी कुणाकडून घेत नाही. कुणी केकचा तुकडा आणून देतं, कुणी माझे कपडे वाळवून आणतं. पण त्याला ऑफिसच्या भाषेत धंदा म्हणतात.

"लव्हर्न बरोबर बोलतेय," मी म्हटलं. "एक दिवस रुमाल बांधलास तर तुझं काय जातं? सोडते मी वेण्या. पुन्हा घालीन."

अर्नेस्टीन माझ्याकडे बघत राहिली. ती चिडली की तिचा आवाज खाली जातो.

"ओझेला, माझी आई दुसऱ्यांच्या घरची फरशी पुसायची. पण डाउनटाउनला गेली की हॅट घालून जायची. आणि मी नाक मुठीत धरून, डोक्याला फडकं बांधून त्या पोरासमोर बसू? का, तर त्याचा फॉर्म नीट भरावा म्हणून?"

"घर जाईल, बाई."

"जाईल तर हॅट घालून जाईल."

"हॅट माझी आहे म्हटलं," मिस क्लॉडेट ब्रेड चावत म्हणाली.

"मिस क्लॉडेट!" आम्ही तिघी एकदम ओरडलो. नियम मोडला होता ना.

"बरं बरं. घाल. पण पावसात नेऊ नकोस."

तेव्हा ठरलं. तोच कोट, तीच हॅट, तेच बूट. वेण्या पुन्हा घालायच्या, आणखी बारीक. बर्निटा अंगाने मोठी आणि बोलायला थोडी. ती फक्त म्हणाली, "बुटांना मी पॉलिश करते," आणि निघाली. मी त्या दुपारी वेण्या घातल्या, पण माझी बोटं नेहमीसारखी चालत नव्हती. "अगं, ओढतेस किती," असं अर्नेस्टीन तीनदा म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी आम्ही चौघी तिच्याबरोबर गेलो. साक्षीदार आणता येतात असं पत्रातच लिहिलं होतं. आम्हीही सगळ्या सजून गेलो होतो, त्यामुळे खोली चर्चसारखी दिसत होती. खोली म्हणजे एक लांब टेबल, वरती पांढरी ट्यूबलाइट आणि खाली गार फरशी. सुनावणी घेणारे साहेब मिस्टर ऑल्ब्राइट, वयस्कर, डोळ्यांखाली पिशव्या, गळ्यात दोरीला चष्मा. दुसऱ्या टोकाला केलर.

केलरने अर्नेस्टीनकडे पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. त्याला वाटलं, ही बाई आपला पुरावा आपल्याच अंगावर घालून आली.

"साहेब, तुम्हीच बघा," तो ऑल्ब्राइटना म्हणाला. "हा तोच कोट. अशा कॉलरचा कोट दुकानात काय भावाने येतो ते मी शोधून ठेवलंय. उत्पन्न शून्य म्हणणारी व्यक्ती असे कपडे घालू शकत नाही."

"मिसेस टॉलिव्हर," ऑल्ब्राइट म्हणाले, "हे कपडे तुम्हाला कुणी दिले?"

अर्नेस्टीन हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. "माझे आहेत."

"विकत घेतले?"

ती गप्प.

"कुणी भेट दिले?"

गप्प. मला रडू येत होतं. एक शब्द बोलली असती, उसने आहेत म्हणाली असती, तर सुटली असती. पण अंगावर आहे तोवर तिचं. तिने ते मोडलं नसतं, त्यांनी तिला खुर्चीसकट बाहेर ठेवलं असतं तरी.

"हॅटसुद्धा तुमचीच?" केलर म्हणाला. "हॅट शंभर डॉलरच्या खाली नाही."

आणि तिथे मिस क्लॉडेटचा संयम संपला.

"शंभर?" ती उठलीच. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, काठी टेकत टेबलाला वळसा घालून गेली. "शंभर म्हणे! माझ्या नवऱ्याने ईस्टरला घेतलेली हॅट आहे ही. त्याचा शेवटचा ईस्टर. पोरा, ही हॅट तुला परवडणार नाही." आणि तिने अर्नेस्टीनच्या डोक्यावरची पिन काढली, हॅट उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. आधीच तिच्या डोक्यावर एक होती, तिच्यावर ही. "माझी आहे. चार वाजेपर्यंत दिली होती. आता लिही."

ऑल्ब्राइटनी चष्मा लावला.

मग लव्हर्न उठली. "कोट माझा," ती म्हणाली. अर्नेस्टीन हलली नाही, पण लव्हर्नने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात काहीतरी म्हणाली. अर्नेस्टीनने एकेक हात बाहेर काढला. आत तिचा स्वतःचा निळा पोशाख होता, कोपरावर विरलेला. लव्हर्नने कोट दंडावर घेतला. "मी दरवर्षी जानेवारीत याच ऑफिसात हाच कोट घालून येते, मिस्टर केलर. माझ्या वेळी तुम्हाला नाही दिसला?"

केलरचा चेहरा लाल झाला. "ही काय पद्धत आहे? ही सुनावणी आहे."

"तुम्हीच विचारलंत ना, कुणाचे म्हणून," लव्हर्न म्हणाली.

बर्निटा अर्नेस्टीनसमोर गुडघ्यावर बसली, तिचे बूट सोडले आणि दोन्ही आपल्या छातीशी धरून उभी राहिली. पर्सही उचलली. पर्स उघडी होती, आत एक रुमाल आणि घराची किल्ली होती. तिने दोन्ही काढून अर्नेस्टीनच्या हातात दिली.

अर्नेस्टीन उभी राहिली. गार फरशीवर, मोजे घातलेल्या पायांनी. डाव्या अंगठ्याजवळ मोजा फाटला होता आणि नख बाहेर आलं होतं. मी तिला सतरा वर्षं ओळखते, मी तिला आजारी पाहिलंय, रडताना पाहिलंय, पण तिचा अंगठा असा परक्यांसमोर बाहेर आलेला मला बघवेना. ती मात्र लपवत नव्हती. पाय होता तिथेच ठेवला.

"मिसेस टॉलिव्हर," ऑल्ब्राइट खाली बघून म्हणाले, "बूट घाला, प्लीज."

"कोणाचे, साहेब?"

त्यांनी पेन हातात घेतलं, पुन्हा ठेवलं.

"बर्निटा देईल मला," अर्नेस्टीन म्हणाली. "तिने कधी नाही म्हटलेलं नाही. पण त्या कागदावर तुम्ही लिहिलंय की माझ्याकडे लपवलेले कपडे आहेत. ते आधी खोडा. तोवर मी अशीच उभी राहते. मला घाई नाही, मला नोकरी नाही."

ऑल्ब्राइटनी कागद पुढे ओढला. "पहिली बाब," ते केलरकडे न बघता म्हणाले, "उसन्या वस्तू. उत्पन्न नाही." आणि आडवी रेघ मारली. रेघेचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

अर्नेस्टीनने हात पुढे केला. बर्निटाने एक बूट दिला. तिने तो घातला. एकच.

"दुसरी बाब राहिली," ती म्हणाली.

केलर उभा राहिला. त्यालाही आता जिद्द चढली होती, आणि ते मला समजू शकतं. "साहेब, केस परत देता येत नाहीत. ही नियमित सेवा आहे. कुणीतरी हिला ती पुरवतं, आणि ते कोण, हे सांगायला ही तयार नाही. बाजारात याला दोनशे डॉलर पडतात. आणि जी व्यक्ती हे करते ती इथेच व्हाउचरवर असेल, तर तिचंही उत्पन्न तपासायला पाहिजे."

ऑल्ब्राइटनी विचारलं, "मिसेस टॉलिव्हर, नाव सांगाल का?"

"नाही."

"सांगितलं नाही, तर मला ही ओळ तशीच ठेवावी लागेल."

"ठेवा."

एका पायात बूट, एक पाय फरशीवर, अशी उभी होती ती. आणि माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, म्हणजे केलरला कळू नये. माझं घर वाचवण्यासाठी ती आपलं घर घालवायला निघाली होती, आणि मी मागच्या खुर्चीत माझी पर्स धरून बसले होते. मला स्वतःची एवढी चीड आली की मी उठले.

"बस खाली, ओझेला," अर्नेस्टीन न वळता म्हणाली. माझी खुर्ची करकरली होती, तेवढ्यावरून तिने ओळखलं.

"नाही बसत. सतरा वर्षं तू माझ्या डोक्यावर नाचलीस, आता मला बोलू दे." मी टेबलापर्यंत गेले. "ओझेला प्रुइट. तिच्या खालचं घर. व्हाउचर याच ऑफिसचं, फाइल शोधायला वेळ लागणार नाही. वेण्या मी घालते. लिहून घ्या."

केलरने खरंच लिहून घेतलं. "आणि दर काय लावता?"

तोवर मला भीती वाटत होती. त्या प्रश्नाने ती पार गेली.

"पोरा, तुला आई आहे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"शाळेत जाताना तुझा भांग कोण पाडायचं?"

त्याचा हात आपसूक केसांकडे गेला.

"पाडायची ना? रोज? नियमित सेवा झाली ती. मग तिला फोन लाव. आत्ता लाव. विचार, माझा भांग पाडायचा दर काय लावलास. ती जो आकडा सांगेल तो हिच्या कागदावर लिही, आणि माझ्याही लिही. मी सही करते."

मिस क्लॉडेट दोन हॅटी घालून मागून म्हणाली, "आमेन."

केलरने ऑल्ब्राइटकडे पाहिलं. ऑल्ब्राइट त्याच्याकडे बघत नव्हते. ते त्या बुटाकडे बघत होते, बर्निटाच्या छातीशी धरलेल्या दुसऱ्या बुटाकडे. मग त्यांनी दुसऱ्या ओळीवर रेघ मारली. लगेच नाही मारली. पेन टेकवलं, थांबले, मग मारली.

"मिसेस प्रुइटबद्दल काही लिहू नका," ते केलरला म्हणाले.

"लिहिलं तरी चालेल," मी म्हटलं. "मी येईन. हॅट घालून."

बर्निटाने दुसरा बूट पुढे केला. अर्नेस्टीनने तो हातात घेतला, पण घातला नाही.

"साहेब, आता काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

ऑल्ब्राइटनी चष्मा नाकावर चढवला. "अर्नेस्टीन टॉलिव्हर. व्हाउचर कायम. एकूण उत्पन्न, शून्य."

"हो," अर्नेस्टीन म्हणाली. "शून्य आहे ते फक्त उत्पन्न." आणि वाकून तिने दुसरा बूट घातला.